पारडीचा वाटा

गेल्या आठवड्यात शेजारून वाटीभर खरवस आला. गुळाचा, वेलदोडा-जायफळ घातलेला, सुरी लावली की थरथरणारा. मधुमेह असलेल्या माणसानं त्याच्या वाटेला जाऊ नये हे मला कळतं. पण खरवस आला की साठी उलटलेला माणूसही नातवंडांच्या रांगेत उभा राहतो. पहिली वडी तोंडात टाकली आणि जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वीची एक पारडी डोळ्यांपुढे आली.

साल 1986. मी एका खेड्यातल्या शाखेत नवा अधिकारी होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली म्हशींसाठी कर्जं दिली जात. मग गोठ्यात जाऊन पाहणी करायची, कानातला विम्याचा बिल्ला बघायचा, दूध किती ते लिहून घ्यायचं. अशाच एका गोठ्यात म्हैस धष्टपुष्ट होती आणि शेजारच्या खुंटाला तिची पारडी, नुसता हाडांचा सापळा.

‘‘मामा, हिला दूध सोडता ना?’’ मी विचारलं.

‘‘सोडतो की, पान्हा फुटंस्तवर. मग वढून बांधतो. पारडी काय हप्ता भरतीया व्हय, सायेब?’’

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हप्ता मलाच हवा होता. फॉर्मवर म्हशीच्या दुधाचा रकाना होता, पारडीचा नव्हता. मी ‘जनावर सुस्थितीत’ असं लिहून सही केली. तीन वर्षांनी बदलीच्या आधी पुन्हा तिकडे गेलो. दुधाचा हिशेब संपल्यावर पारडीला चारा, पेंड सगळं मिळालं होतं. पण ती बुटकी, कळाहीनच राहिली होती. ‘‘अंगच धरत न्हाई,’’ मामा म्हणाले. मला वाटलं, जातच तशी असेल.

जात तशी नव्हती, हे फार उशिरा वाचनात आलं. केंब्रिजच्या एल्सी विडोसन आणि रॉबर्ट मॅकान्स यांनी 1960 च्या सुमारास उंदरांवर एक साधा प्रयोग केला होता. काही माद्यांकडे मोजकीच पिल्लं ठेवली, काहींकडे पिल्लांची गर्दी. म्हणजे काहींना पोटभर दूध, काहींना अर्धपोटी. दूध तुटल्यावर मात्र सगळ्यांपुढे हवं तेवढं अन्न. तरीही अर्धपोटी वाढलेली पिल्लं जन्मभर लहानच राहिली. दूध पिण्याचे ते दिवस उंदराच्या आयुष्यात जेमतेम एकवीस!

पुढे 1968 मध्ये न्यूयॉर्कला रॉकफेलर विद्यापीठात नीटल आणि हिर्श यांनी अशाच उंदरांच्या चरबीतल्या पेशी मोजल्या. एका आईकडे चार पिल्लं, दुसरीकडे बावीस. चारांत वाढलेल्या उंदरांच्या चरबीत पेशी संख्येनं जास्त आणि आकारानंही मोठ्या निघाल्या. हा फरक मोठेपणीही बुजला नाही.

आपण चरबी म्हणजे नुसतं साठवणीचं पोतं समजतो. ती तशी नाही. नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या अंगावर चरबी अगदी थोडी असते, पण मूत्रपिंडांभोवतीची तपकिरी चरबी जाळूनच ते पहिल्या रात्रीच्या थंडीत ऊब धरतं. चरबीच्या पेशी मेंदूला भुकेचे निरोपही धाडतात. या कारखान्याची उभारणी कोवळ्या वयात होते. माणसाबाबत 2008 साली असं दिसून आलं, की चरबीच्या पेशींची संख्या बालपणी आणि पौगंडावस्थेत ठरते. नंतर दरवर्षी दहावा हिस्सा पेशी मरतात आणि जवळपास तेवढ्याच नव्या तयार होतात. वजन उतरवलं तरी संख्या तीच राहते. बँकेच्या भाषेत सांगायचं तर शिल्लक कमी होते, खाती बंद होत नाहीत.

तुम्ही म्हणाल, मग उपाशी ठेवलेलं बरं! पेशी कमी, चरबी कमी. इथंच गंमत आहे, आणि दुःखही. भूक कधी लागली यावर सगळं अवलंबून असतं. 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला. त्या सुमारास जन्मलेल्या तीन लाख तरुणांच्या लष्करी तपासणीच्या नोंदी 1976 मध्ये अभ्यासल्या गेल्या. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत आणि जन्मानंतर लगेच उपासमार झालेल्यांत लठ्ठपणा कमी आढळला. गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्यात ज्यांच्या आया उपाशी होत्या, त्यांच्यात मात्र तो जास्त होता.

आपल्या घरातली गोष्ट याहून जवळची आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि मुलांचा अभ्यास करत आले. त्यांच्या नोंदींत इथल्या नवजात बाळांचं वजन सरासरी 2.7 किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. बाळ सगळीकडूनच लहान, पण स्नायू फार कमी आणि चरबी मात्र त्या मानानं राखलेली. बाहेरून किडकिडीत, आतून चरबीदार. 2004 मध्ये याज्ञिकांनी आपला आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो ‘लॅन्सेट’मध्ये छापला. उंचीच्या मानानं वजन दोघांचं अगदी सारखं. अंगातली चरबी मात्र एकाची 9.1 टक्के, तर याज्ञिकांची 21.2! तो फोटो पाहिला तेव्हा मी आरशासमोर उभा राहिलो. हातपाय काड्या, पोट पुढे, आणि चाळिशीतच साखर.

याज्ञिकांसह काही संशोधकांनी 2015 मध्ये उंदरांचं आणखी एक काम प्रसिद्ध केलं. पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांत पोटातली चरबी आणि मधुमेहाकडे कल वाढलेला होता. पुढच्या दोन पिढ्यांना नेहमीचं पुरेसं अन्न दिलं, तरी तो दोष गेला नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. पण दुष्काळांतून तगून आलेल्या समाजानं हे वाचून थोडं थांबावं.

आम्ही थांबलो नव्हतो. माझी नात जन्मली ती 2 किलो 400 ग्रॅमची. घरात एकच घोषा, ‘पोरीनं बाळसं धरलं पाहिजे!’ कुणी पावडरचे डबे आणले, कुणी साखरेच्या दुधात बिस्किटं कालवायला निघालं. डॉक्टरांनी सगळ्यांना दाराबाहेर काढलं. सहा महिने फक्त आईचं दूध, आणि घाई नको. गर्भात चणचण सोसलेल्या जिवाला नंतर घाईनं कोंबलं, तर भर पडते ती मुख्यतः चरबीची.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सातव्या महिन्यात डोहाळजेवण आम्ही थाटात केलं होतं. फुलांची वाडी, पाच पक्वान्नं, फोटो. पण एरवी नऊ महिने सून कचेरीतून येऊन सगळ्यांच्या मागून जेवत होती. तिच्या ताटात काय उरतं, हे घरात कुणी पाहिलं नाही. मीही नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. पोषणाचा पैसा आणि काळजी यांचा क्रम आपण बदलायला हवा. शाळेतली खिचडी हवीच, पण तोवर पाया भरून झालेला असतो. महाराष्ट्र सरकारनं 2015 साली आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठी एक वेळचं चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना सुरू केली. ही दिशा बरोबर आहे. ती इतर गरीब वस्त्यांत, आणि लग्नाआधीच्या मुलींपर्यंत जायला हवी. पुण्याजवळच्या त्या सहा गावांत दूध, पालेभाजी आणि फळं जास्त खाणाऱ्या आयांची बाळं मोठी भरली, असं दिसलं होतं. यात परदेशी डबाबंद असं काहीच नाही. मेथीची जुडी, पेरू आणि पेलाभर दूध. ते आधी कुणाला वाढायचं, एवढाच प्रश्न आहे.

सगळं जन्माआधीच ठरतं, असं मात्र मी म्हणत नाही. मी रोज चालतो, साखर आटोक्यात ठेवतो. चुकीच्या पहिल्या नोंदीचं खातंही नीट चालवता येतं. फक्त त्याला जन्मभर पहारा लागतो.

खरवसाची दुसरी वडी मी घेतली नाही. शेजारच्या बाईंना वाटी परत देताना विचारलं, ‘‘चीक कुठून आणलात? पारडीला पोटभर पाजून मग काढला होता ना?’’ त्या हसल्या. त्यांना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पुढच्या खेपेला गवळ्याला विचारते म्हणाल्या.