मूळ मोरोक्कोचं, मिरवणूक आपली

मोबाइलवर या आठवड्यात फिरलेला संदेश तुम्हालाही आलाच असेल. पोर बोलायला उशीर करतंय? परदेशी औषधं सोडा, ऋषिमुनींचा अक्कलकाढा मधात उगाळून चाटवा! मायफळावरच्या माझ्या आधीच्या लेखानंतर ज्यांनी मला ‘परक्यांचा वकील’ ठरवलं, त्यांनीच तो आवर्जून पाठवला. आभारी आहे, विषय आयता मिळाला.

चरक-सुश्रुतांना हे मूळ ठाऊक नव्हतं. आपल्या ग्रंथांत ते ठळकपणे येतं शार्ङ्गधर संहितेत, म्हणजे हकिमांशी ओळख झाल्यावर. खरा अक्कलकाढा मोरोक्को-अल्जीरियाच्या माळांवर रानात उगवतो. शेवंतीच्या कुळातला, जमिनीलगत पसरणारा, पांढऱ्या पाकळ्यांचा. दातदुखीला त्याचं मूळ व्हिनेगरमध्ये उकळून चूळ भरा, असं ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस पहिल्या शतकातच सांगून गेला. आपल्या आज्या तोच तुकडा दाढेखाली धरत.

आता अंगणातली कुंडी बघा. पिवळ्या गोंड्यांचं जे रोप आपण अक्कलकाढा म्हणून लावतो, ते निराळं. पण गोंडा चावला की जीभ चरचरते, लाळ सुटते, मग बधिरपणा येतो. मुळाचंही अगदी तसंच. कारण दोन्हींत अल्किलअमाइड गटातली द्रव्यं आहेत: गोंड्यात स्पिलँथॉल, मुळात पेलिटोरिन. दाढेपुरतं दोघांचं काम सारखंच. फरक काढण्यात आहे. गोंडा खुडला तर रोप पुन्हा फुलतं, मूळ उपटलं की झाडच संपतं. मोरोक्कोत अशा खणतीनं ही वनस्पती दुर्मिळ होत चालली आहे, आणि त्या मुळांची गिऱ्हाइकं आपण. कुंडीवाल्या स्वदेशीभक्तांनीही टाळ्या पिटू नयेत. त्यांचं रोप दक्षिण अमेरिकेचं. ब्राझीलमध्ये त्याचा पाला घालून ताकाका नावाचं सूप करतात.

राहिला पोराच्या बोलण्याचा प्रश्न. चरचरीनं लाळ सुटते, शब्द सुटत नाहीत. आधी पोराचे कान तपासून घ्या.

जुन्यांना देवाणघेवाणीची लाज नव्हती. आपल्या वैद्यांनी अक्कलकाढा घेतला, हकिमांनी आपला त्रिफळा घेऊन इतरिफल केलं. सातबारा कुणी मागितला नाही. तो मागायची खोड आपली, आणि तीही फक्त अभिमानापुरती. खरेदीच्या वेळी मात्र आपण गप्प! गुलमंडीच्या बाजारात पुडी बांधून घेताना आत नक्की काय आहे, हे किती जण विचारतात? म्हणून माझं जुनंच तुणतुणं पुन्हा वाजवतो: पुडीवर शास्त्रीय नाव छापा. अ‍ॅनासायक्लस पायरेथ्रम की अ‍ॅक्मेला ओलेरेसिया, एवढंच. तोवर माल मोरोक्कोचा की कुंडीतला, हे जिभेला विचारून बघा. तीही सांगू शकणार नाही.