‘तू’चे भाषांतर

७ एप्रिल १९७३ रोजी लक्झेम्बर्ग येथे झालेल्या युरोव्हिजन गीतस्पर्धेत स्पेनच्या ‘मोसेदादेस’ या गायकवृंदाने ‘एरेस तू’ हे प्रेमगीत सादर केले. हुआन कार्लोस काल्देरोन यांच्या या रचनेला १२५ गुण मिळून दुसरे स्थान लाभले. लक्झेम्बर्गचे फ्रेंच गीत अवघ्या चार गुणांनी पुढे राहिले. स्वभाषेतच गाण्याचे बंधन त्याच वर्षी शिथिल झाले होते, आणि स्वीडन व फिनलंड यांनी लगेच इंग्रजीचा आश्रय केला होता. स्पेनने तो केला नाही. गीताची इंग्रजी आवृत्तीही निघाली. परंतु १९७४ मध्ये अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ यादीत नवव्या क्रमांकापर्यंत गेले ते स्पॅनिश गीतच.

लोकप्रियता हा वाङ्मयीन मूल्याचा निकष नव्हे, हे मान्य. तरीही तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने या गीताच्या शीर्षकापाशी क्षणभर थांबावे. ‘एरेस’ या क्रियापदातच, आपल्या ‘आहेस’प्रमाणे, द्वितीय पुरुष सामावलेला आहे. त्यापुढचे ‘तू’ व्याकरणाच्या नव्हे, भावनेच्या गरजेपोटी येते. मराठीत आपण ‘तूच आहेस’ म्हणू. शिवाय हे ‘तू’ जवळिकीचे आहे. आदरार्थी संबोधनासाठी स्पॅनिशमध्ये ‘उस्तेद’ आहे. पाणी, विस्तव, गहू अशा साध्या प्रतिमा या एका संबोधनाभोवती गुंफल्या आहेत. जर्मन आवृत्तीच्या शीर्षकात ते ‘दू’ होऊन टिकले. इंग्रजी शीर्षक मात्र ‘टच द विंड’ असे झाले. त्यातून संबोधनच गेले. ते ठेवले असते तरी, आजच्या इंग्रजीच्या एकुलत्या ‘यू’मध्ये जवळीक आणि अंतर यांचा भेद उरलेला नाही.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. मराठी कविता कन्नड वा बंगाली वाचकापर्यंत पुष्कळदा इंग्रजीच्या मार्गाने पोहोचते. तुकोबा विठ्ठलाशी ‘तू’ म्हणून भांडतात, त्या भांडणाचा सारा हक्क त्या एकाक्षरात आहे. कन्नडात ‘नीनु’ आहे. बंगालीत तर ‘तुइ’, ‘तुमि’, ‘आपनि’ अशा तीन पायऱ्या आहेत. जे दोन्ही तीरांवर आहे, ते मधल्या नावेत हरवावे, ही आपल्या अनुवादव्यवहाराची शोकांतिका होय.

म्हणून तौलनिक साहित्याच्या विद्यार्थ्याला स्वभाषेखेरीज आणखी एक भारतीय भाषा मुळातून वाचता येणे, ही किमान अट असली पाहिजे. इंग्रजी अनुवादाचे उपकार मोठे आहेत. पण दोन शेजाऱ्यांनी एकमेकांशी कायम दुभाष्यामार्फतच बोलावे, असा त्याचा अर्थ नव्हे.