आमचा विस्तव चालला, आमचा हात बाटला!

फाल्गुन पौर्णिमा जवळ आली की वस्तीतल्या पोरांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "वकीलसाहेब, होळी आपली की त्यांची? पोळी खाल्ली, रंग खेळला तर काय बिघडले?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर टाळून चालणार नाही.

आधी पुरावा तपासू. होलिकेला का जाळता, असे विचारले की प्रल्हादाची गोष्ट सांगतात. परंतु भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हादाची कथा विस्ताराने असूनही त्याला मांडीवर घेऊन आगीत बसणारी आत्या तिथे नाही. भविष्य पुराणात दुसरीच बाई आहे. पोरांना छळणारी ढुंढा राक्षसी. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त हिरण्यकश्यपूला इथला राजा मानले आणि नरसिंहाचे कपट उघडे केले. होलिका इतिहासात होऊन गेली, असे शपथेवर सांगण्याइतका पुरावा आमच्याही हाती नाही आणि तसा दावा आम्ही करीत नाही. पण साक्षीदारांचे जबाब जुळत नसताना शिक्षा मात्र दरवर्षी अंमलात येते, आणि ती बाईलाच होते, हे कोणत्या न्यायात बसते?

आता गावगाडा आठवा. काही गावांत आधी महारवाड्याची होळी पेटे आणि तिथला विस्तव नेऊन गावची होळी पेटवली जाई. आमच्या वाडवडिलांना त्याचा मान वाटे. कसला हा मान? महारवाड्यातला विस्तव गावाला चालला. त्याच माणसाचा हात पाण्याला लागला की तळे बाटले! २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा परिषदेला आलेल्या आमच्या माणसांची डोकी फोडली गेली आणि पुढे शेण-गोमूत्राने तळ्याची 'शुद्धी' झाली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला, त्याच महाडात, बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आमच्याही लोकांनी आग पेटवली. त्या आगीत मनुस्मृती होती, बाई नव्हती. दोन आगींतला हा फरक पोरांना समजावून सांगा.

शिमग्याच्या शिव्यांना परंपरा म्हणणाऱ्यांनी धम्मपदाची अट्ठकथा वाचावी. श्रावस्तीत 'बालनक्षत्र' म्हणजे मूर्खांचा सण भरे. अंगाला राख-शेण फासून लोक सात दिवस दारोदार अचकटविचकट बोलत फिरत आणि पैसे हाती पडल्याशिवाय दारातून हलत नसत. आजचे शिमग्याचे पोस्त याहून वेगळे काय आहे? उपासकांच्या विनंतीवरून भगवान बुद्ध ते सात दिवस भिक्खूंसह जेतवनातच राहिले, नगरात आले नाहीत. त्या निमित्ताने त्यांनी जी शिकवण दिली ती अप्रमादाची, म्हणजे सदैव जागे राहण्याची.

कायदाही ऐकून ठेवा. "बुरा न मानो" हा बाईच्या संमतीला पर्याय नाही. तिच्या विनयभंगाच्या हेतूने केलेली अंगलट हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पूर्वी तेच भारतीय दंड संहितेचे कलम ३५४ होते. सार्वजनिक ठिकाणी इतरांना त्रास होईल अशा अश्लील कृत्यांना आणि गाण्यांना कलम २९६ आहे. यांपैकी एकाही कलमात सणाची सवलत लिहिलेली नाही. उलट स्त्रीच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणाऱ्या प्रथा सोडून देणे हे संविधानाच्या अनुच्छेद ५१-क ने नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे.

मग आम्ही करायचे काय? शेजाऱ्याच्या होळीवर दगड मारायचा नाही. तो आमचा मार्ग नव्हे. होळी लहान करून पोळी उपाशी माणसाच्या मुखी घालण्याची अंधश्रद्धा निर्मूलन समितीची मोहीम चांगली आहे, तिला हात द्या. पण वस्तीत आपल्या खर्चाने, आपल्या हाताने होळी पेटवू नका. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा केवळ भिंतीवर लावायला नाहीत. पाली परंपरेनुसार फाल्गुन पौर्णिमेलाच भगवान बुद्ध राजगृहाहून कपिलवस्तूकडे निघाले. त्या सायंकाळी विहारात वंदना घ्या, पोरांना महाडची हकिकत सांगा. १० मार्च हा सावित्रीमाईंचा स्मृतिदिन याच दिवसांच्या आसपास येतो. ज्या माउलीने मुलींना शिकवण्यासाठी शेणमातीचा मारा सोसला, तिच्या लेकींवर धुळवडीला चिखल फेकण्यात कसला आनंद?

आणि घरातली म्हातारी नारळ घेऊन होळीकडे निघाली, तर तिच्यावर ओरडू नका. तिने त्या विस्तवाचा मान आयुष्यभर खरा मानला आहे. तिच्याजवळ बसा आणि एवढेच विचारा, "आजी, त्यांनी आपला विस्तव नेला, पण आपल्या हातचे पाणी कधी प्याले का गं?"

उत्तर तिला ठाऊक आहे.

जयभीम!