सायकल घ्या, पण रस्ता बघून

गेल्या श्रावणातली गोष्ट. आमच्या मस्तगड भागातल्या दवाखान्यात एक निवृत्त गुरुजी आले ते उजवा हात गळ्यात अडकवून. वय ६४. नऊ वर्षांपासून मधुमेह. मनगटाचे हाड मोडले म्हणून हाडाच्या डॉक्टरांनी प्लॅस्टर घातलेले, आणि माझ्याकडे ते नेहमीप्रमाणे साखरेचा रिपोर्ट दाखवायला आले होते. "काय झालं गुरुजी?" असे मी विचारले, तर म्हणाले, "तुमचंच औषध लागलं, डॉक्टरसाहेब."

दोन महिन्यांपूर्वी मीच त्यांना सांगितले होते, सायकल चालवा. गुडघे कुरकुरत होते म्हणून फार चालणे होत नव्हते. तळपायाची संवेदनाही थोडी कमी झालेली. अशा माणसाला सायकल चांगली, कारण अंगाचा भार सीटवर पडतो, तळव्यावर नाही. सल्ला चुकीचा नव्हता, पण अर्धवट होता. गुरुजींनी पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाला विचारून चांगली महागाची सायकल मागवली. शर्यतीची. अंगठ्याएवढे बारीक टायर, खाली वळलेले हँडल, उंच सीट. कुंडलिकेच्या पुलाकडून घरी येताना सिमेंट रस्त्याच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीत पुढचे चाक अडकले आणि गुरुजी हातावर पडले.

वाचकहो, मी गोळी लिहून देतो तेव्हा पाचशे मिलिग्रॅम की हजार, जेवणाआधी की नंतर, हे सगळे चिठ्ठीवर लिहितो. व्यायाम लिहून देताना मात्र नुसते 'सायकल' लिहिले. सायकल म्हणजे एकच वस्तू, असे माझ्याही डोक्यात बसले होते.

त्याला कारण आहे. आमच्या लहानपणी जालन्यात सायकल म्हटले की एकच. काळी, २८ इंची चाकांची, लोखंडी कांबीच्या ब्रेकची, मागे भक्कम कॅरियर. दुकानातून तासाच्या भाड्याने आणायची, दांड्याखालून पाय घालून कैची मारत शिकायची आणि गुडघे फोडून घ्यायचे. आज पोरे तिला 'दूधवाल्याची सायकल' म्हणून हसतात. पण ती सायकल मूर्ख नव्हती. मोठे चाक खड्ड्यात कमी उतरते. दीड इंची टायर फटीत सहसा अडकत नाही. हँडल उंच असल्याने पाठ सरळ राहते आणि नजर समोर. जड होती, चढावर दम काढायची, ओल्या रिमवर तिचे ब्रेक तर देवाच्या भरवशावर. तरी आपल्या रस्त्यांशी तिची ओळख होती. (तशा सायकलींसाठी घराघरांत नाव असलेल्या ॲटलास कंपनीचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना २०२० साली बंद पडला. तारीख होती ३ जून. त्या दिवशी जागतिक सायकल दिन असतो!)

आता दुकानात उभे राहिले तर डोळे दिपतात. जालनेकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. आपले गाव बियाण्यांचे. हलक्या रानाला कोणते वाण, भारी काळ्या रानाला कोणते, हे शेतकरी पिशवीवरच्या चित्रावरून ठरवत नाही. जमीन बघतो, पाणी बघतो, मग पिशवी उचलतो. तोच माणूस मुलाला सायकल घेताना मात्र रंग आणि स्टिकर बघतो.

सगळ्यात जास्त खपते ती जाड टायरची, पुढे 'शॉकअप' असलेली, डोंगरासाठी म्हणून केलेली सायकल. डोंगर आपल्याकडे कुठे आहे ते एक दुकानदारच जाणे. तिचे टायर दोन इंच रुंद आणि खरबरीत. खडी-मुरुमाच्या वाटेवर, शेताच्या बांधावर ती खरेच कामाची. रोज डांबरी रस्त्याने शाळेला किंवा कारखान्यात जाणाऱ्याला मात्र ती विनाकारण दमवते. स्वस्तातल्या सायकलीचा शॉकअप म्हणजे बहुधा नुसती जड स्प्रिंग. उभे राहून पायडल मारले की काही जोर ती दाबण्यातच जातो. आणि पावसाळ्यात काळ्या रानात कोणतीच सायकल चालत नाही, हेही सांगून टाकतो. चिखल मडगार्डमध्ये असा बसतो की चाक फिरत नाही. तिथे माणूस सायकलवर बसत नाही, सायकल माणसाच्या खांद्यावर बसते.

बारीक टायरची, २३ ते २८ मिलिमीटरची सायकल सपाट, गुळगुळीत, मोकळ्या रस्त्यासाठी. ज्याची कंबर-मान तरुण आहे आणि जो पहाटे मोठ्या रस्त्यावर तीस-चाळीस किलोमीटर मारणार आहे, त्याने ती जरूर घ्यावी. (समृद्धी महामार्ग कितीही गुळगुळीत असला तरी तिथे दुचाकीला मनाई आहे, सायकलचे तर नावच नको.) गल्लीतली फट, गटाराच्या झाकणाची जाळी, रेल्वेचा रूळ, हे त्या टायरचे वैरी. रूळ किंवा फट ओलांडताना चाक शक्य तितके आडवे, काटकोनात न्यावे. नाहीतर सरळ उतरून ओलांडावे. उतरण्यात कमीपणा नाही.

गावात फिरणाऱ्या माणसाला या दोहोंमधली सायकल लागते. टायर ३५ ते ४० मिलिमीटर किंवा त्याहून थोडा रुंद, फार खरबरीत नसलेला. हँडल सीटच्या पातळीला किंवा वर. दोन्ही चाकांना मडगार्ड, चेनला कव्हर, मागे कॅरियर, घंटी, मागे लाल दिवा. गिअर असले तर बरे, नसले तर अडत नाही. हवा किती भरायची ते टायरच्या कडेलाच छापलेले असते. ते न वाचता अर्धवट हवेवर सायकल ओढत 'दम लागतो' म्हणून छाती तपासायला आलेले दोन तरुण माझ्या माहितीत आहेत. छाती ठणठणीत होती.

शरीराचे आता बोलतो, कारण तो माझा प्रांत. हात मुंग्यावतात, करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होते, अशी तक्रार आली की मी हल्ली आधी सायकलचे विचारतो. हँडल फार खाली असेल तर अंगाचा भार तळहातावर येतो आणि तिथली नस दबते. मानेचा स्पॉन्डिलोसिस असलेल्या माणसाने वाकून सायकल चालवली तर समोर बघायला मान मागे उचलावी लागते, म्हणजे दुखण्याला आमंत्रणच. अरुंद, टणक सीटमुळे बसण्याच्या जागी बधिरपणा येतो. पुरुष हे सांगायला लाजतात. लाजू नये, सीट बदलावी.

सीटच्या उंचीत सर्वांत जास्त गफलत होते. भिंतीला टेकून सीटवर बसा. टाच पायडलवर ठेवून ते पार खाली न्या, तेव्हा पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना चवडा पायडलवर येतो आणि गुडघ्यात थोडा बाक राहतो. तेवढाच हवा. सीट फार खाली असेल तर गुडघ्याची वाटी दुखते. फार वर असेल तर कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि गुडघ्याच्या मागे ओढ बसते. साठीच्या पुढच्यांनी मात्र सीट इंचभर खालीच ठेवावी, थांबताना चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. गुडघ्याला थोडा त्रास परवडला, खुब्याचे हाड मोडलेले परवडत नाही.

आणि आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो. वयस्क माणसे चालत्या सायकलवरून जशी पडतात तशी चढता-उतरतानाही पडतात. मागे कॅरियर, त्यावर पिशवी, आणि त्यावरून टांग टाकायची. खुबा तेवढा उचलत नाही, पाय पिशवीत अडकतो, सायकल अंगावर. यावर उपाय दुकानात लटकलेला आहे. खाली वाकलेल्या दांड्याची सायकल. पण तिला आपण नाव ठेवले आहे 'लेडीज'! एवढ्या एका नावापायी साठ-पासष्ट वर्षांची पुरुषमंडळी उंच दांड्याच्या सायकलवर कसरत करतात आणि माझ्याकडे किंवा हाडाच्या डॉक्टरांकडे येतात. नेदरलँड्समध्ये म्हातारे पुरुषही खालच्या दांड्याची सायकल बिनदिक्कत चालवतात. आपल्याकडे धोतर नेसणाऱ्यांना तर ती कधीच सोयीची ठरली असती. दुकानदार मंडळींनी तिला 'सोपी सायकल' म्हणून विकावे, माझे काही म्हणणे नाही.

मुलांबाबत वेगळी चूक होते. शर्ट वाढत्या अंगाचा घेतात तशी सायकल घेतात. मुलाचे पाय जमिनीला टेकत नाहीत, बोटे ब्रेकपर्यंत पोचत नाहीत. दांडा दोन्ही पायांत घेऊन उभे केल्यावर पावले सपाट टेकून वर दोन बोटांची जागा राहिली पाहिजे. मानव विकास कार्यक्रमातून शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी मदत मिळते. त्या पैशातून सायकल घेताना चेनला कव्हर बघा आणि मुलीला ओढणी बांधून घ्यायला सांगा. कॅरियरवर लहान भावंड बसवणार असाल तर मागच्या चाकाला जाळी लावल्याशिवाय बसवू नका. चाकाच्या तारांत अडकलेली टाच मी दरवर्षी बघतो. पहिल्या दिवशी नुसते खरचटलेले वाटते. चार दिवसांनी कातडी काळी पडते आणि मग आठवडेच्या आठवडे ड्रेसिंग. जाळीला किती पैसे पडतात ते दुकानात विचारून पाहा.

मधुमेहींसाठी दोन गोष्टी. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या किंवा इन्शुलिन घेत असाल तर खिशात साखरेची पुडी किंवा चार गोड गोळ्या असू द्या. तळव्याची संवेदना कमी असेल तर चपलेवर सायकल चालवू नका, बंद बूट घाला, आणि घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या बघा. आठवड्याला दीडशे मिनिटे व्यायाम जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोज सकाळी वीस-पंचवीस मिनिटे पायडल मारले, एवढा दम लागला की बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, की हिशेब पुरा होतो.

गुरुजींचे प्लॅस्टर सहा आठवड्यांनी निघाले. शर्यतीची सायकल पुण्याला मुलाकडे गेली. नात कॉलेजला गेल्यापासून तिची शाळेची सायकल जिन्याखाली पडून होती. खाली वाकलेल्या दांड्याची, पुढे टोपली, गुलाबी रंगाची. मी म्हटले, टायर-ट्यूब आणि ब्रेकचे रबर नवे टाका आणि हीच चालवा. गुरुजी गप्प बसले. पुढच्या महिन्यात साखर बघितली तर बरीच उतरलेली. चौकशी केली तेव्हा कळले की ते पहाटे साडेचारला, अंधारात चालवतात, कोणी बघू नये म्हणून. अंधारात खड्डा कसा दिसणार, असे म्हणून मी त्यांना चांगलेच रागावलो. आता सकाळी साडेसहाला निघतात. परवा दवाखाना उघडत होतो तर समोरून गेले. टोपलीत मेथीची जुडी होती. घंटी वाजवली, हात मात्र केला नाही. दोन्ही हात हँडलवर ठेवा असे मीच सांगितले होते.