सभेच्या परवानगीत बर्फाची अटही हवी

मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस


१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला आणि उन्हाच्या त्रासाने १४ माणसे गेली. पारा ३८ अंशांच्या आसपास होता. चंद्रपूर-अकोल्याच्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण शरीर गार होते ते घाम वाळल्यामुळे, आणि किनाऱ्यावरच्या दमट हवेत तो वाळतच नाही. म्हणून परवानगी देताना तापमानाबरोबर आर्द्रताही पाहिली पाहिजे.

त्यानंतर सरकारने दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम नकोत, असे जाहीर केले. ते योग्यच होते, पण अपुरे. लोक सकाळपासून जागा धरून बसतात. बारा वाजेपर्यंत त्यांच्या अंगात चार तासांचे ऊन साचलेले असते.

आयोजकांचे स्वयंसेवक पाणी वाटतात, चक्कर आलेल्याला सावलीत नेतात. चक्कर, मळमळ, पायात गोळे येणे, एवढ्यावर असेल तर सावली, ओआरएस आणि विश्रांती बहुधा पुरते. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजावा, अंगाला घाम असला तरीही. त्याच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही. १०८ला फोन करावा आणि रुग्णवाहिकेची वाट न बघता त्याला तिथेच गार करायला घ्यावे: बर्फाच्या पाण्याच्या टबात गळ्यापर्यंत बसवून, डोके धरून. टब नसेल तर सर्वांगावर गार पाणी ओतत राहावे, वारा घालावा, काखेत, मानेला, जांघेत बर्फ लावावा. जीव वाचतो तो पहिल्या अर्ध्या तासात, आणि गर्दीतून वाट काढण्यातच तो वेळ निघून जातो.

म्हणून विनंती आहे की मार्च ते जून या काळात सभा, मेळावा, सामुदायिक विवाह, कशालाही परवानगी देताना बसणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर मांडव, हाताशी पाणी आणि मैदानातच बर्फ व टब असल्याची खात्री करून घ्यावी. कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार हजर असलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला लेखी द्यावा. प्रमुख पाहुण्यांना उशीर झाला, तरी ठरल्या वेळी लोकांना घरी सोडावे. ही अट सर्वपक्षीय असावी आणि तिची सुरुवात आपल्या स्वतःच्या सभांपासून व्हावी.

आपला,
एक डॉक्टर