पाण्यावरचे घर की पाण्यावरची बेघरी?

ब्रिटनमधील भांडवली वृत्तपत्रांत एक ठराविक लेख ऋतुमानाप्रमाणे पुन्हा पुन्हा छापला जातो. लंडनचे घरभाडे परवडेना म्हणून कोणा तरुण जोडप्याने कालव्यावरची जुनी बोट विकत घेतली. आता त्यांना घरमालक नाही, भाडे नाही, शेजारी बदके आहेत आणि जीवन स्वच्छंद आहे. सोबत छतावरच्या कुंड्यांचे आणि धुराड्यातून निघणाऱ्या निळसर धुराचे छायाचित्र असते. लेखाचा मथितार्थ एवढाच की, ज्याला घर मिळत नाही त्याच्यापाशी कल्पकतेची वाण आहे. घरबांधणीच्या धोरणात काहीच बिघडलेले नाही. त्या गोंडस छायाचित्राच्या चौकटीबाहेर जो जमाखर्च राहतो, तो श्रमजीवी वर्गाच्या दृष्टीने तपासणे अगत्याचे आहे. घराच्या प्रश्नावर भांडवलशाही कोणकोणती मलमपट्टी विकते, त्याचा हा बोलका नमुना होय.

प्रथम ही बोट म्हणजे काय ते पाहू. इंग्लंडचे बहुतेक अरुंद कालवे अठराव्या शतकात खोदले गेले आणि त्यांवरील लॉक, म्हणजे पाण्याची पातळी चढवणारे-उतरवणारे दरवाजे, सुमारे ७ फूट रुंदीचे ठेवले गेले. त्यामुळे बोटही तेवढीच रुंद आणि फार तर ७० ते ७२ फूट लांब. आगगाडीच्या एका डब्याहून अरुंद अशा ह्या पट्टीत निजणे, स्वयंपाक, मोरी, शौचकूप आणि इंजिन एवढे सर्व बसवायचे. बाजारात जी स्वस्त मिळते ती बहुधा चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी पोलादी पत्र्यातून जोडलेली असते. लंडनमधील सदनिकेच्या किमतीच्या अल्पांशात ती मिळते हे खरे आहे. प्रश्न असा की, ती स्वस्त का मिळते?

कारण ती गंजत असते. पाण्याखालच्या पत्र्याला दर दोन-तीन वर्षांनी डांबराचा हात द्यावा लागतो; त्यासाठी बोट पाण्याबाहेर काढण्याचे भाडे निराळे, आणि तेवढे दिवस राहण्याचे ठिकाणच हरवते ते निराळे. पत्र्यावर मॅग्नेशियमचे ठोकळे जोडतात, ते पोलादाच्या आधी झिजावेत म्हणून. झिजले की नवे जोडायचे. काठावरून विजेची जोडणी घेतली तर विद्युत्‌रासायनिक क्रियेने गंज आणखी वेगाने पत्रा खातो. त्यावर उपाय म्हणून आणखी एक उपकरण विकत घ्यावे लागते. बोट जुनी झाली की विमा कंपन्या सर्वंकष विमा देण्यापूर्वी तळाच्या पत्र्याची जाडी मोजून मागतात. ती चार मिलिमीटरच्या खाली उतरल्याचे आढळले तर जुन्या पत्र्यावर नवा पत्रा वेल्डिंगने चढवा, असे फर्मान निघते आणि खर्चाचा आकडा हजारो पौंडांत जातो. ही तपासणी टाळून केवळ त्रयस्थाच्या नुकसानीपुरता विमा घेणारे पुष्कळ आहेत. पण मग एखाद्या रात्री बोट बुडाली तर घर आणि आयुष्याची पुंजी एकदमच तळाशी जाते.

ह्यावर दैनंदिन कष्टांची भर. पाण्याची टाकी भरायला बोट नळापर्यंत न्यायची. शौचकूपाची पेटी हाताने उचलून ठरलेल्या जागी रिकामी करायची. कोळशाच्या गोण्या आणि गॅसच्या टाक्या वाहून आणायच्या. विजेसाठी इंजिन चालवायचे आणि दर काही वर्षांनी बॅटऱ्या बदलायच्या. जुन्या बोटींचे उष्णतारोधक अस्तर जुजबी. हिवाळ्यात भिंतींना आतून पाझर फुटतो आणि अंथरुणे ओली होतात. बंदिस्त जागेत शेगडी नीट पेटली नाही तर कार्बन मोनॉक्साइड वायूने झोपेतच मृत्यू येतो. ‘स्वच्छंद’ जीवनाची ही दुसरी बाजू.

आता मूळ आर्थिक प्रश्नाकडे वळू. घराची किंमत वाढते ती विटांमुळे नव्हे. विटाही जुन्या होतात. वाढते ती जमिनीची किंमत. बोटीखाली जमीन नाही, म्हणून तिची किंमत दरवर्षी घटत जाते. ह्याच कारणाने घरासाठी मिळते तसे दीर्घ मुदतीचे, स्वस्त व्याजाचे गहाणकर्ज बोटीला सहसा मिळत नाही. मिळते ते अल्प मुदतीचे आणि महाग. म्हणजे ज्याच्यापाशी कमी आहे त्याने पैसा अधिक दराने उचलायचा, आणि तो झिजणाऱ्या वस्तूत गुंतवायचा. जमिनीचा धनी झोपेत श्रीमंत होतो. बोटीचा धनी झोपेत गरीब होतो. दोघांनाही ‘मालक’ म्हणणे ही शब्दांची निव्वळ चलाखी होय.

एंगल्सने १८७२ मध्ये ‘घरांचा प्रश्न’ ह्या लेखमालेत नेमक्या ह्याच भ्रमावर प्रहार केला होता. प्रत्येक कामगाराला त्याच्या छोट्या घराचा मालक बनवा, प्रश्न सुटेल, असे प्रूधाँचे अनुयायी म्हणत. एंगल्सचे उत्तर असे की, असे घर कामगाराला मुक्त करीत नाही. ते त्याला एका जागी जखडून ठेवते आणि मजुरी पाडायला मालकाला मदत करते. पाण्यावर ह्या प्रकाराचे रूप पालटते. येथे घर जागेला जखडत नाही. उलट, जागा मिळू न देऊन सतत हाकलले जाते. परंतु तत्त्व तेच. समाजाने सोडवायचा प्रश्न व्यक्तीच्या खिशावर आणि पाठीवर लादला जातो.

हाकलले जाते हा अलंकार नव्हे. १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्याप्रमाणे, ज्या बोटीला स्वतःची कायम मुक्कामाची जागा नाही तिने सतत प्रवासात राहावे आणि विशेष कारणाविना एका ठिकाणी १४ दिवसांहून अधिक थांबू नये, असे बंधन आहे. मुक्कामाची जागा भाड्याने घ्यावी म्हटले तर लंडनसारख्या शहरात वर्षाला हजारो पौंड लागतात; आणि तेथे राहण्याची परवानगी असलेल्या जागा तर मोजक्याच. मग मुलांची शाळा, दवाखाना, नोकरीचे ठिकाण, टपालाचा पत्ता हे सर्व पंधरवड्याच्या गणितात बसवायचे. दर चार वर्षांनी सुरक्षिततेचे प्रमाणपत्र हवे. ते नाही तर परवाना नाही. परवाना नाही तर १९८३ च्या कायद्यान्वये बोट पाण्यातून उचलली जाऊ शकते. गॅसच्या नळीची दुरुस्ती परवडली नाही, येथून सुरू झालेली साखळी बेघरपणापर्यंत अशी कायदेशीरपणे पोहोचते.

हे कालवे कोणाच्या घामावर चालले त्याचाही विसर पडू देता कामा नये. रेल्वेच्या स्पर्धेत वाहतुकीचे दर कोसळले तेव्हा बोटवाल्यांना काठावरचे घर परवडेना. बायकामुले बोटीवर आली आणि मालकाला बिनपगारी हात मिळाले. मागच्या टोकाच्या दहा फूट लांबीच्या खोलीत अख्खी कुटुंबे वाढली. तेथील गर्दी आणि रोगराई इतकी बोभाटली की १८७७ आणि १८८४ मध्ये पार्लमेंटला कायदे करावे लागले. १९२३ मध्ये फेलोज, मॉर्टन अँड क्लेटन ह्या बड्या वाहतूक कंपनीने मजुरीत कपात जाहीर केली, तेव्हा ब्राउनस्टन येथे ह्याच कामगारांनी बोटी बांधून ठेवून संप लढवला. आज ज्या रंगीत किटल्या आणि नक्षीदार दरवाजे पर्यटकांना ‘परंपरा’ म्हणून विकले जातात, त्यांमागे हा इतिहास आहे.

१९४८ मध्ये बहुतेक कालव्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. २०१२ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे ३,२०० किलोमीटर जलमार्ग सरकारी संस्थेकडून काढून ‘कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट’ ह्या धर्मादाय न्यासाकडे सोपवण्यात आले. जुलै २०२३ मध्ये सरकारने २०२७ नंतरच्या दहा वर्षांसाठी ४० कोटी १० लाख पौंडांचे अनुदान जाहीर केले. महागाई धरता ही मोठी कपात असल्याचे खुद्द न्यासानेच म्हटले. तूट कोठून भरायची? एप्रिल २०२४ पासून कायम जागा नसलेल्या बोटींच्या परवान्यावर ५ टक्के अधिभार बसला, तो २०२८ पर्यंत २५ टक्क्यांवर नेण्याचे ठरले. वर्षाला हजार पौंडांहून अधिक असलेल्या परवान्यावरचा हा बोजा, ज्यांना बांधून ठेवायला जागाही नाही त्यांच्यावर! नॅशनल बार्जी ट्रॅव्हलर्स असोसिएशन ह्या बोटवासीयांच्या संघटनेने त्याविरुद्ध आवाज उठवला, हे स्वाभाविकच होते.

ह्यावर एक युक्तिवाद हमखास केला जातो: पाणी वापरतात, नळ वापरतात, मग पैसे का देऊ नयेत? हा युक्तिवाद दिसतो तितका पोकळ नाही. कालव्यांची देखभाल खरोखरच खर्चिक आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये व्हेली ब्रिज येथील टॉडब्रुक जलाशयाचा जुना बांध खचू लागला तेव्हा सुमारे १,५०० लोकांना घरे सोडावी लागली. पण त्या घटनेचा अर्थ काय? बांधाखाली जे राहत होते ते बोटवाले नव्हते. ते काठावरचे नगरवासी होते. काठाने चालणारे, सायकलस्वार, पूरनियंत्रण, आणि कालव्याकाठी ‘जलदर्शनी’ म्हणून चढ्या भावाने सदनिका विकणारे बांधकाम भांडवल, हे सर्व ह्या जलमार्गांचे लाभार्थी आहेत. सार्वजनिक संपत्तीचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून, चढत्या प्रमाणातील करातून झाला पाहिजे. तो सर्वांत दुबळ्या वापरकर्त्यावर टाकणे हा वर्गीय निर्णय आहे. त्याला हिशेबाचे नाव दिल्याने तो बदलत नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच बाजूने येतो. बोटवाले हे छोटे मालक, त्यांत सुखवस्तू हौशीही आहेत. त्यांच्यासाठी कामगार चळवळीने का झिजावे? हौशी आहेत हे मान्य. ज्याचे काठावर घर आहे आणि जो रविवारी बोट हाकतो, त्याची काळजी आपण करण्याचे कारण नाही. परंतु ज्याचे बोट हेच घर आहे, त्याची गोष्ट वेगळी. आणि कित्येकजण मालकही नाहीत. दुसऱ्याची बोट भाड्याने घेऊन राहतात. थेम्सवरील चेल्सी येथील एका बोटीबाबत २००० मध्ये अपील न्यायालयाने असा निर्णय दिला की, ती जमिनीचा भाग नसून जंगम वस्तू आहे, सबब भाडेकरूला घरभाडे कायद्याचे संरक्षण नाही. भाडे वसूल करताना ते घर; हक्क मागताना ती वस्तू! भांडवली कायद्याचे हे दुहेरी माप ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही.

आपल्या देशातील साथींना हे दूरचे वाटू नये. श्रीनगरच्या दल सरोवरातील देवदारी हाउसबोटींवर हांजी समाजाची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जगत आली. तेथेही लाकूड कुजते, देवदार महागतो, दुरुस्तीच्या परवानगीसाठी खेटे घालावे लागतात, आणि सरोवराच्या प्रदूषणाचा ठपका प्रथम बोटवाल्यावर ठेवला जातो; शहराच्या सांडपाण्याचा विचार मागाहून. काठावरच्या सत्तेचा पाण्यावरच्या माणसाशी व्यवहार टेम्सपासून झेलमपर्यंत सारखाच आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. जमिनीवर परवडणारी सार्वजनिक घरे बांधा. २०१६ च्या गृहनिर्माण कायद्याने बोटवासीयांच्या जागांची गरज विचारात घेण्याचे कर्तव्य इंग्लंडमधील स्थानिक संस्थांवर टाकले आहे. त्याची केवळ नोंद न करता त्या जागा प्रत्यक्ष निर्माण करा. अधिभार रद्द करा. बोटीवरील भाडेकरूला घरातील भाडेकरूचे हक्क द्या. दुरुस्ती परवडत नाही म्हणून कोणाचे घर पाण्यातून उचलले जाऊ नये, ह्यासाठी सार्वजनिक निधीतून दुरुस्ती-साहाय्य द्या. ज्याला पाण्यावर राहायचे आहे त्याने खुशाल राहावे. परंतु ज्याला काठावर जागा नाकारली म्हणून पाण्यात ढकलले गेले, त्याच्या ओल्या अंथरुणाला स्वातंत्र्य म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.