पासाची बचत कोणाच्या पदरात?

मुंबईच्या उपनगरी रेल्वेचा मासिक पास म्हणजे प्रवाशांवर केलेली मेहेरबानी, अशी समजूत सरकारी दालनांत वर्षानुवर्षे जोपासली गेली आहे. भाड्यातून खर्च निघत नाही, सबब सवलत आवरा, हा तिचा निष्कर्ष. जून २०१४ मध्ये केंद्र सरकारने तसे करूनही पाहिले. सुमारे १५ एकेरी प्रवासांच्या हिशेबाने मिळणारा पास ३० प्रवासांच्या हिशेबाने द्यावयाचे ठरले. म्हणजे किंमत जवळजवळ दुप्पट! मुंबईत ओरड झाली, विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, आणि काही दिवसांतच निर्णय फिरवावा लागला.

पासाने पैसे वाचतात, यात वाद नाही. वाद आहे तो कोणाचे वाचतात याविषयी. दुसऱ्या वर्गाचे किमान तिकीट ५ रुपये आणि त्याच अंतराचा मासिक पास १०० रुपये. दहा दिवस जाऊन-येऊन प्रवास झाला की पासाची किंमत वसूल. महिन्यात २६ दिवस कामावर जाणाऱ्याचे १६० रुपये वाचतात. त्रैमासिक पास तर तिप्पट नव्हे, २.७ पट किमतीस मिळतो. ज्याच्या हाती आगाऊ रक्कम अधिक, त्याला सवलतही अधिक!

आता नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बांधकाम मजुराचा हिशेब मांडावा. या महिन्यात काम किती दिवस मिळणार हे त्याला पहिल्या तारखेस ठाऊक नसते. आठच दिवस मिळाले तर पास अंगलट येतो. वीस दिवस मिळतील या आशेवर पैसे गुंतवावेत, तर घरातल्या पिठामिठाचे काय? म्हणून तो रोज तिकीट काढतो आणि कायम नोकरीवाल्यापेक्षा दर फेरीला अधिक पैसे मोजतो. खाडे झाले की पगार कापला जाणाऱ्या घरकामगार बाईचीही तीच गत. गंमत अशी की, मुंबई पाहावयास येणाऱ्या पर्यटकाकरिता याच रेल्वेकडे एक, तीन आणि पाच दिवसांची तिकिटे आहेत. मजुराला आठवड्याचा पास देण्याची कल्पना मात्र कोणाला सुचत नाही.

रेल्वेच्या पासावर प्रवास संपतो असेही नाही. स्थानकापासून कारखान्यापर्यंत बस किंवा शेअर रिक्षा लागतेच. मे २०२५ मध्ये बेस्टने साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये केले आणि अमर्याद प्रवासाचा मासिक पास ९०० रुपयांवरून १८०० वर नेला. दिवसाला दहा-दहा रुपयांच्या दोन फेऱ्या करणाऱ्याचा २६ दिवसांचा खर्च ५२० रुपये होतो. त्याने १८०० रुपयांचा पास का घ्यावा? म्हणजे रेल्वेच्या पासावर वाचलेले १६० रुपये बसमध्ये भरून आणखी खिसा रिकामा करावयाचा. दोन्ही सेवा सार्वजनिक, शहर एक, पण एका पासावर दोन्ही प्रवास करता येत नाहीत. वातानुकूलित लोकलमध्ये तर साध्या गाडीचा पासही चालत नाही. त्यामुळेच ऑगस्ट २०२२ मध्ये कळवा आणि बदलापूर येथे साध्या गाडीच्या जागी वातानुकूलित गाडी सोडण्याविरुद्ध प्रवाशांनी निदर्शने केली.

मूळ मेख वेगळीच आहे. विरार, बदलापूर, टिटवाळा येथून कामगार स्वस्तात पोहोचतो म्हणूनच त्याला शहरात घर मिळेल एवढे वेतन देण्याची गरज मालकाला भासत नाही. शहरातील जागेची किंमत गगनाला भिडवून कामगाराला पन्नास किलोमीटर दूर लोटावयाचे, आणि त्याच्या रोजच्या परवडीला सवलत म्हणावयाचे! ही सवलत मुख्यतः मालकाला मिळते, प्रवासी केवळ तिचा वाहक आहे.

फ्रान्समध्ये पॅरिस परिसरातील मालकांवर १९७१ पासून वाहतुकीसाठी वेतनावर आधारित कर आहे, आणि कामगाराच्या पासाची निम्मी किंमत मालकाने भरावी असा तेथे कायदा आहे. तो देश काही साम्यवादी झालेला नाही. मुंबईत आठवड्याचा, रेल्वे आणि बस दोन्हींवर चालणारा पास काढावयाचा तर त्याचा भार कोणी उचलावा, याचे उत्तर तेथे मिळते. नरिमन पॉइंट आणि वांद्रे-कुर्ला संकुलातील कचेऱ्यांवर असा कर बसविण्याचा प्रस्ताव विधिमंडळात कोण मांडणार, हे आता प्रवासी संघटनांनी आणि कामगार संघांनी आपापल्या आमदारांना विचारावे.